मॉसफेट तापत असेल तर हीटसिंकआधी गेटवरचा व्होल्टेज मोजा

आपला प्रश्न वाचताना मला माझेच जुने टेबल दिसले. तीन सेलची ११.१ व्होल्टची लिथियम बॅटरी, ३.३ व्होल्टवर चालणारा मायक्रोकंट्रोलर, लहान पंप आणि तो चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, म्हणजे आयआरएफ५४०एन मॉसफेट, हीच मांडणी माझी होती. दोन मिनिटांत मॉसफेटला बोट लावता येत नाही, पंपही जोर धरत नाही, तर आणखी मोठा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) लावावा का, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: लावू नका. पंप जोर धरत नाही, हीच मॉसफेट पूर्ण उघडत नसल्याची, म्हणजे प्रवाह पूर्णपणे जाऊ देत नसल्याची, खरी खूण आहे. बॅटरीपासून ५ व्होल्ट करून देणारा ७८०५ रेग्युलेटर कोमट लागतो असेही आपण लिहिले आहे, पण ८० मिलिअँपिअरला तिथे अर्धा वॅट जातोच, त्यामुळे त्याची काळजी नको.

कुठे शॉर्ट नाही आणि पंपाला उलटा डायोड (पंप बंद होताना उसळणाऱ्या व्होल्टेजपासून मॉसफेटला वाचवणारा) जोडलेला आहे, हे आपण पाहिले असेलच, म्हणून त्यात शिरत नाही.

माझी चूक मॉसफेटची डेटाशीट (उत्पादकाचे माहितीपत्रक) वाचताना झाली. त्यात गेटचा, म्हणजे मॉसफेटला चालू-बंदचा संकेत मिळतो त्या पिनचा, थ्रेशोल्ड व्होल्टेज २ ते ४ व्होल्ट दिलेला आहे, तो पाहून ३.३ व्होल्ट पुरतील असे मी धरून चाललो. त्याच ओळीत २५० मायक्रोअँपिअर ही अट छापलेली होती, तिच्याकडे मी लक्षच दिले नाही. थ्रेशोल्ड हा मॉसफेट पूर्ण उघडण्याचा व्होल्टेज नव्हे. त्यातून जेमतेम पाव मिलिअँपिअर वाहू लागतो, तो हा बिंदू. ज्या ४४ मिलिओहम रोधाकडे पाहून आपण हा मॉसफेट निवडतो, तो आकडा गेटवर १० व्होल्ट असतानाचा आहे.

हे कळण्याआधी मी माल सदोष आहे असे समजून विक्रेत्याच्या तक्रार विभागाला लिहिले. त्यांनी आधी फोटो मागितला, मग व्हिडिओ, मग पुन्हा फोटो. सर्किटचा आराखडा मी दोनदा पाठवला, पण गेटला किती व्होल्ट देता, हा एक प्रश्न तीन आठवड्यांत कोणीही विचारला नाही. शेवटी ‘मोठा हीटसिंक वापरा’ असे एका ओळीत कळवून तक्रार बंद केली. ज्यांचे कामच हे भाग विकण्याचे आहे, त्यांनी एवढेही विचारू नये, याचा राग मला आजही येतो. मी तो सल्ला मानला आणि तोच सर्वांत महागात पडला. हीटसिंकमुळे मॉसफेट तग धरू लागला, म्हणून मी निर्धास्त झालो, आणि एका रात्री तो आतून शॉर्ट झाला. पंप बंदच होईना. बॅटरीला संरक्षक सर्किट नव्हते, ती सुरक्षित मर्यादेखाली उतरली आणि पुढे चार्ज करताना एक सेल फुगला. फ्यूज होता, पण पंपाचा प्रवाह नेहमीएवढाच असल्याने तो उडण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून आपल्या पॅकला संरक्षक सर्किट आहे की नाही, ते आजच पाहा.

गेटला मिळणारा व्होल्टेज पुरतो की नाही, हे मोजणे अगदी सोपे आहे. पंप चालू असताना मल्टिमीटरची लाल पिन ड्रेनवर आणि काळी सोर्सवर धरा; पंपाचा प्रवाह मॉसफेटच्या याच दोन पिनांमधून जातो. पीडब्ल्यूएम (वेगाने चालू-बंद करून पंपाचा जोर कमी-जास्त करणे) वापरत असाल तर ड्युटी, म्हणजे चालू राहण्याचे प्रमाण, १०० टक्के ठेवा, नाहीतर मीटर सरासरी दाखवील. माझ्याकडे २ अँपिअरला २.६ व्होल्ट दिसले, म्हणजे नखाएवढ्या तुकड्यात ५.२ वॅट उष्णता. मॉसफेट पूर्ण उघडला असता तर तिथे ०.०९ व्होल्टच्या आसपास दिसले असते आणि उष्णता ०.२ वॅटच्या आत राहिली असती. तेवढ्याला हीटसिंक लागतच नाही.

उपाय म्हणून ज्याच्या डेटाशीटमध्ये गेटवर २.५ व्होल्ट असतानाचा रोध स्वतंत्र दिला आहे असा मॉसफेट घ्या. मी एओ३४००ए वापरला. सोल्डर करायला तो फारच बारीक आहे, पण आपल्या पंपाला पुरेल. आयआरएलझेड४४एन पुष्कळजण सुचवतात, आणि कमी प्रवाहाला तो बहुधा चालेलही. मात्र त्याच्या डेटाशीटमध्ये रोध १०, ५ आणि ४ व्होल्टला दिला आहे, ३.३ व्होल्टला नाही, म्हणून मी तो सुचवणार नाही. गेट आणि सोर्स यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टरही टाका, म्हणजे मायक्रोकंट्रोलर सुरू होईपर्यंत गेट अधांतरी राहून मॉसफेट अर्धवट उघडणार नाही.

मी व्यावसायिक अभियंता नाही आणि आपले सर्किट प्रत्यक्ष पाहिलेले नाही, तेव्हा हे सारे स्वतः मोजून पडताळा. ड्रेन-सोर्समध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी दिसूनही मॉसफेट तापत असेल, तर माझे निदान आपल्याला लागू नाही. तसे असल्यास पीडब्ल्यूएमची फ्रीक्वेन्सी आणि गेटला जोडलेल्या रेझिस्टरची किंमत लिहून कळवा.