७० चं जुनं घर ९४ ला पडतं, तरी घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शहराच्या जुन्या, वारसा म्हणून जपलेल्या भागात घर हवंय. तिथलं दुरुस्त केलेलं घर परवडत नाही, पण त्याच गल्लीत तितकंच मोठं, दुरुस्तीला आलेलं घर ३० टक्के कमी किमतीत मिळतंय. दुरुस्त घराची किंमत १०० धरली, तर हे घर ७०, तुमची बचत ३४ आणि तुमच्या अंदाजाने दुरुस्ती १२. बँक ८० टक्के देईल, म्हणजे पदरचे १४ आणि दुरुस्तीचे १२ घालून ८ शिल्लक राहतात. घ्यावं का?

घ्यावं, पण ७० ला नाही आणि सगळी दुरुस्ती एका दमात तर मुळीच नाही. सौदा वाईट नाही. अडचण आहे ती पहिल्या वर्षात लागणाऱ्या रोख पैशाची.

कर, नोंदणी, वकील, तपासणी यांचे ७ टक्के धरा, म्हणजे ५. दुरुस्तीच्या अंदाजावर २५ टक्के राखीव, म्हणजे १२ चे १५. जुन्या घरात हा राखीव भाग बहुतेक वेळा खर्च होतोच, कारण गिलावा काढल्याशिवाय आत काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही. ५६ च्या कर्जाला ९ टक्के दराने २० वर्षांचा हप्ता महिन्याला ०.५ येतो. आठ महिने काम चाललं, तर राहत्या घराचं भाडं पगारातून जाईल आणि हप्त्यांचे ४ बचतीतून जातील. एकूण १४ + ५ + १५ + ४ = ३८. शिवाय सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते मिळून ५ बाजूला हवेतच. हातात ३४, लागणार ४३. हे ९ भरायला वैयक्तिक कर्ज काढायचं मनात असेल, तर तो विचार आत्ताच सोडा. त्याचा दर चढा, मुदत तोकडी आणि हप्ता सुरू होणार नेमका घर राहण्याजोगं नसताना.

दुसऱ्या बाजूने बघू. दुरुस्त घर खर्चासह १०७ ला पडतं, हे ९४ ला (७० + ५ + १५ + ४). बचत १३ ची आहे, ३० ची नाही. तेरा काही थोडे नाहीत, म्हणूनच मी नको म्हणत नाही.

आता वाट. काम दोन टप्प्यांत करा. पहिल्या टप्प्यात पाणी आत येण्याचे मार्ग बंद करायचे: छप्पर, पन्हळी, सांडपाण्याची लाइन, भिंतीलगतची जमीन. त्याच वेळी वायरिंग आणि नळ, कारण दोन्ही भिंतीत जातात आणि नंतर करायचं म्हटलं तर नवा गिलावा फोडावा लागतो. राखीव धरून याला ९ लागतील आणि चार महिन्यांत राहायला जाता येईल. गिलावा, रंग, फरशी, स्वयंपाकघर दुसऱ्या टप्प्यात, पगारातून. ही फक्त पैशाची सोय नव्हे. पाणी मुरलेली भिंत सुकायला ढोबळमानाने दर २५ मिलिमीटर जाडीला एक महिना लागतो. ४५० मिलिमीटरच्या भिंतीला दीड वर्ष. त्याआधी केलेला रंग पोपडे धरून खाली येतो आणि ते काम दुसऱ्यांदा करावं लागतं.

असं केलं तर पाच राखून उरलेल्या २९ मधून ९ काम आणि २ हप्ते वजा जाऊन १८ उरतात. त्यातून किमतीच्या २७ टक्के (२० पदरचे, ७ खर्चाचे) भागायला हवेत. १८ भागिले ०.२७, म्हणजे ६६. ही तुमची कमाल मर्यादा. एक धोका मात्र आहे: बँक विक्रेत्याच्या किमतीवर नाही, स्वतःच्या मूल्यांकनावर कर्ज देते. छप्पर पाहून तिने ६४ लावले, तर कर्ज ५१.२ च मिळेल आणि तुमची मर्यादा ६४ वर येईल. काही बँका खरेदी आणि दुरुस्ती मिळून कर्ज देतात, दुरुस्तीचे पैसे काम होईल तसे. त्याची चौकशी करा, पण वाढलेला हप्ता झेपतो का ते आधी पाहा.

भाव उतरवायला पुरावा लागतो, म्हणून तपासणी. शक्यतो पावसानंतर जा. भिंतीच्या खालच्या मीटरभरात पांढरा लोणा दिसला, तर बहुधा जमिनीतून ओल चढतेय. चुन्यातल्या विटांवर नंतर कोणीतरी सिमेंटचा गिलावा चढवला असेल, तर ओल बाहेर पडत नाही आणि विटाच झडायला लागतात. असा गिलावा भिंतीपासून सुटला असेल, तर टिचकी मारल्यावर पोकळ वाजतो. तुळया मधोमध बघून उपयोग नाही. त्या भिंतीत शिरतात तिथली टोकं आधी कुजतात. स्क्रूड्रायव्हर टोचा, सहज आत गेला तर ती तुळई बदलावी लागू शकते. वाळवीच्या मातीच्या नळ्या जोत्याजवळ शोधा. केसासारख्या भेगांना घाबरू नका. पाच मिलिमीटरहून रुंद, एका टोकाला फाकत जाणारी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढणारी भेग असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल आल्याशिवाय विसार देऊ नका. दोन नळ एकदम सोडा. धार बारीक झाली तर लोखंडी पाइप आतून गंजलेले असू शकतात. कापड गुंडाळलेल्या तारा किंवा अर्थिंगचा पत्ता नसेल, तर अख्खं वायरिंग नव्याने धरा. ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते काढण्याचा खर्च वेगळा मागा, साध्या कंत्राटदाराला हात लावू देऊ नका.

कागदांत तीन गोष्टी पाहा: सगळ्या वारसांच्या सह्या, आत राहणाऱ्या भाडेकरूचा हक्क आणि सामाईक भिंतीची जबाबदारी. घर वारसा यादीत आहे का, कोणत्या वर्गात आणि दर्शनी भाग, खिडक्या, छप्पर बदलायला कोणाची परवानगी लागते, हे लेखी घ्या. परवानगीला सहा महिने लागले, तर सहा हप्ते म्हणजे ३ वाढले. आधीच्या मालकाने विनापरवाना केलेलं वाढीव बांधकाम पाडायची वेळ तुमच्यावर येऊ शकते. विमा बाजारभावाचा नको, तशाच चुना-लाकडात पुन्हा बांधायच्या खर्चाचा हवा. तो खर्च खरेदी किमतीपेक्षाही जास्त निघू शकतो.

विक्रेता ६६ ला उतरला नाही, तर शोध सोडू नका, जरा सरकवा. वारसा भागाच्या हद्दीच्या दोन गल्ल्या बाहेर चालत जाण्याचं अंतर तेवढंच राहतं, भाव आणि निर्बंध मात्र सहसा सैल होतात. तीन महिन्यांहून जास्त पडून असलेली, वारसांना वाटणीसाठी विकायची असलेली घरं हेरा. काळपट रंग, जुनाट ओटा, बुटकं नकली छत हे दोष पैशाने जातात, आणि गिऱ्हाईक मागे फिरतं तेही यांच्यामुळेच. कोंदट जागा, गोंगाटाचा चौक, गाडी न जाणारी बोळ हे दोष जात नाहीत. अशा घरात मिळालेली सूट तुम्हालाही विकताना द्यावी लागेल, तेव्हा तिला स्वस्ताई समजू नका.

करारात दोन अटी घाला: इंजिनिअरच्या अहवालात ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त काम निघालं, किंवा बँकेचं मूल्यांकन ठरलेल्या किमतीच्या खाली आलं, तर विसार पूर्ण परत. विक्रेता पहिलीला नाही म्हणाला, तर त्याला आत काय आहे ते ठाऊक असण्याची शक्यता धरूनच पुढचं बोलणं करा.