गाजराचं रोप करायचं नाही, बी जागेवरच टाकायचं

प्रश्न : ताई नमस्कार. कोल्हापुरात फुलेवाडीत घरामागं दहा बाय चारचा वाफा आहे, माती काळी. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर गाजराचं बी टाकलं, १५ दिवस बघितलं, काहीच आलं नाही. मग टोमॅटोसारखी ट्रेमध्ये रोपं करून लावली, ती जगली पण उपटल्यावर एकेका गाजराला दोन-दोन तीन-तीन पाय! बी खराब होतं का माती?

उत्तर : पाय फुटले ते ट्रेमुळं. गाजराचं बी रुजलं की वर पानं दिसायच्या आधीच सोटमूळ सरळ खाली जातं आणि तेच पुढं फुगून गाजर होतं, रोप काढताना त्याचं टोक तुटलं की बाजूची मुळं जाड व्हायला लागतात. टोमॅटोचं मूळ तुटलं तर चालतं, तिथं आपण फळ खातो, इथं मूळच खायचंय ना. खडा, ढेकूळ, ताजं शेण आडवं आलं तरी असंच होतं, म्हणून शेणखत पूर्ण कुजलेलं पाहिजे, हातात घेतलं की चहापावडरीसारखं सुटणारं.

आता उगवलं का नाही ते. काळ्या मातीवर पाऊस पडून ऊन लागलं की वर पापडी धरते आणि गाजराचा कोंब दोऱ्याएवढा, तो ती फोडू शकत नाही. एक वीतभर उंच गादीवाफा करा, माती भुसभुशीत करून वाळू नाहीतर कोकोपीट मिसळा. बी कोरड्या वाळूत कालवून करंगळीच्या नखाएवढ्या खोल रेघेत टाका आणि वरनं माती न ओढता चाळलेलं खत पसरा. त्यातच मधेमधे मुळ्याचं बी टाका, तो तीन-चार दिवसात वर येतो, पापडी फोडतो आणि ओळ कुठं आहे तेपण दाखवतो. वर ओलं गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी, पाटानं सोडू नका, बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. उगवायला १० ते १५ दिवस लागतात, कधी तीन आठवडे. खरी परीक्षा तिथंच आहे, एक दिवस जरी वरचा थर वाळला तरी रुजलेलं बी आतल्या आत मरतं आणि आपण दुकानदाराला बोल लावतो. सहाव्या दिवसापासनं रोज गोणपाट उचलून बघा, हिरवे दोरे दिसले की त्याच संध्याकाळी काढायचं, उशीर केला तर कोंब गोणपाटाच्या विणीत अडकून येतात. नंतर ओळींच्या मधे उसाचं पाचट अंथरा, आपल्याकडं त्याला काय तोटा.

बी दोन-तीन वर्षांपेक्षा जुनं नको. लाल गाजर हवं असेल तर पुसा केसर, देशी लाल आणि नँटीस ही युरोपी नारिंगी जात यांच्या संकरातनं काढलेलं वाण आहे ते. तुमच्या भारी मातीत आखूड जात जास्त बरी. आणि गणपतीनंतर लगेच घाई करू नका, १५ ऑक्टोबरच्या आसपास पाऊस उघडल्यावर टाका, ९०-१०० दिवस धरले तर भोगीच्या भाजीला पहिली गाजरं घरची मिळतील. मला त्या एका भाजीसाठी वर्षभर थांबायला आवडतं.

प्रश्न : राजारामपुरीत गच्चीवर कुंडीत गाजर लावलंय. पाला गुडघ्याएवढा झाला पण गाजर पेन्सिलीएवढंच. वर हिरवंपण झालंय.

उत्तर : दाटी झालीय, आणि बहुतेक युरिया पडलाय, त्यानं नुसता पाला वाढतो. दोन गाजरांत तीन बोटं अंतर राहील एवढी विरळणी करा, पण उपटू नका, शेजारचं मूळ हलतं, कात्रीनं मातीलगत कापा. ही कोवळी पानं कोथिंबिरीसारखी आमटीवर टाका, छान वास येतो. हिरवं झालंय ते डोकं उघडं पडून ऊन लागल्यामुळं, तेवढा भाग कडू लागतो, कापून टाका आणि बाकीच्यांना माती चढवा. कुंडी निदान फूटभर खोल आहे ना ते तेवढं बघा.