बोट लागली नाही, आणि कार्यालय म्हणतं हवा चांगली होती

तुमची तक्रार वाचून राहवलं नाही. आभाळ स्वच्छ, वारा जेमतेम, तरी बोट तुमच्या बेटाच्या धक्क्याला न लागता सामानासकट परत गेली. आणि बोटीचं कार्यालय म्हणतं, हवामान चांगलं होतं, भाडं परत मिळणार नाही. अगदी हेच उत्तर मला मिळालं होतं. जनरेटर, शिधा, पाण्याची टाकी यांची सोय तुम्ही केलीच असेल, ते सोडून देतो.

गोम अशी, की कार्यालय बघतं ती मुख्य भूमीवरच्या बंदराची नोंद. ते बंदर आडोशाला, तिथे खरंच काही नसतं. बेटाच्या उघड्या धक्क्यावर मात्र हजारो किलोमीटर दूरच्या वादळाच्या लाटा येऊन आदळतात. एकामागून एक लाट 6 सेकंदांनी येत असेल तर खोल समुद्रात तिची लांबी सुमारे 56 मीटर. 14 सेकंदांनी येत असेल तर 300 मीटरच्या वर. उंची सारखीच असली तरी दुसरी दुपटीहून जास्त जोर घेऊन येते, आणि उथळ पाण्यात आणखी उंच होते. अंदाजात नुसता वारा आणि लाटेची उंची बघणं माझ्या मते निरुपयोगी. आधी हे सेकंद बघा, मग दिशा.

माझे छपराचे हूक-बोल्ट असेच परत गेले. "पुढच्या बोटीने पाठवतो" म्हणत कार्यालयाने ते गोदामात ठेवले, दरम्यान वादळ आलं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पत्र्यावरचा जोर चौपट होतो. अर्धं छप्पर गेलं. भरपाईच्या अर्जावर एकच ओळ: हवामान अनुकूल होते. अजून संताप होतो. त्या खुर्चीतल्या कुणीही हा धक्का कधी पाहिलेला नाही!

मी वकील नाही, तुमच्याकडचे नियम वेगळे असू शकतात. पण बोटीच्या दिवशी धक्क्याचा व्हिडिओ घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. बोट का फिरली याची लॉगबुकातली नोंद लेखी मागा. कप्तानाला मात्र बोल लावू नका, तो फिरला म्हणून माणसं वाचली.

जाता जाता: चक्रीवादळात वारा एकदम पडला तर पत्रे बांधायला वर चढू नका. वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मधला शांत भाग, डोक्यावर असतो; तो सरकला की वारा उलट बाजूने परत येतो.

अर्ज फेटाळला तर पुन्हा करा, आणि हवामानाची नोंद नेमकी कुठली वापरली एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या.