‘आत्ताच कळलं पाहिजे’ यातला ‘च’

तू लिहिलंयस ते मी दोनदा वाचलं. वय २९, राहायला भांडुप, आणि आठवतंय तेव्हापासून जिवाला घोर. नवरा दहा मिनिटं उशिरा आला की डोळ्यांसमोर अपघात. गावी आईला दिवसातून चार फोन. ऑफिसात पाठवलेली मेल पुन्हा पुन्हा उघडून वाचणं, रात्री गॅस बंद आहे का बघायला तीनदा उठणं. घरचे म्हणतात, ‘उगाच विचार करतेस.’ आणि शेवटी तू विचारलंयस, हे कधी जाईल की मी मरेपर्यंत अशीच? माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, म्हणून अगंतुगं करते. राग मानू नकोस.

माझं वय ५८. माझी काळजी पूर्ण गेलेली नाही. पण पूर्वी एकेक काळजी तीन-तीन दिवस आतून पोखरायची, जेवण जायचं नाही. आता बहुतेक वेळा अर्ध्या तासात जोर ओसरतो, आणि त्या अर्ध्या तासातही हात कामाला लागलेले असतात. एवढा फरक पडतो. तुझ्या वयात हे मला कोणी सांगितलं असतं तर माझी अकरा वर्षं वाचली असती.

‘हे कशामुळे झालं’ या शोधात मी खूप वेळ घालवला. माझे वडील गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा मी चौदा वर्षांची, लालबागच्या चाळीत. आई पिठाच्या डब्यात हात घालून वाटीने पीठ मोजायची, तो आवाज अजून कानात आहे. बरीच वर्षं मी म्हणत होते, त्या संपाने मला अशी केली. पण माझा धाकटा भाऊ त्याच खोलीत वाढला आणि तो रात्री गाढ झोपतो. काही जणांचा पिंडच हळवा असतो, थोडं घरातून येतं, थोडं परिस्थितीतून. कारण सापडलं म्हणून माझी एकही रात्र सोपी झाली नाही, म्हणून तू त्यात फार अडकू नकोस.

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगते, कारण माझं डोकं कसं चालतं ते मला त्यातून कळलं. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मी फोर्टातल्या ऑफिसातून निघाले, गाडी भायखळ्याला थांबली ती थांबलीच. फोन बंद. हे अंधेरीला, मुलगी दादरला शेजाऱ्यांकडे. मी चालत निघाले. दादरजवळच्या हिंदमाताला पाणी कमरेच्या वर, गटारांची झाकणं कुठे उघडी आहेत ते दिसत नव्हतं. मी, दोन अनोळखी बायका आणि कॉलेजचा एक मुलगा, एकमेकांचे हात धरून. पुढे मी होते. दुभाजकाच्या कडेला पाय चाचपडत एकेक पाऊल टाकत होते आणि मन इतकं शांत होतं की मला स्वतःलाच नवल वाटलं. रात्री अकराला घरी पोचले. मजल्यावर अडकलेल्या बारा माणसांसाठी खिचडी टाकली आणि झोपले. हे दुसऱ्या दिवशी दुपारी चिखलाने माखून आले.

पुढच्याच आठवड्यात, स्वच्छ ऊन पडलेल्या दिवशी, ह्यांना यायला वीस मिनिटं उशीर झाला आणि माझ्या हातातला पेला थरथरायला लागला.

संकट समोर उभं होतं तेव्हा मी खंबीर होते. मला सहन होत नव्हतं ते ‘माहीत नसणं’. काळजी करणाऱ्या पुष्कळ माणसांचं असंच असतं, हे मला फार उशिरा कळलं. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ म्हणतात ते काही खोटं नाही.

पुढच्या वर्षी, ११ जुलै २००६ ला, पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. हे त्या वेळी उलट्या दिशेच्या गाडीत होते, सुखरूप आले. पण त्यानंतर वर्षभर मी रोज संध्याकाळी सातपासून गॅलरीत उभी. एक दिवस आठ वाजून गेले, आणि अकरा वर्षांची माझी लेक वही मिटून माझ्याजवळ आली. म्हणाली, ‘आई, बाबा मेले असतील का गं?’ अगदी शांतपणे विचारलं तिने, भात झाला का विचारावं तसं. माझी भीती मी तिच्या अंगात भरत होते. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि महापालिकेच्या रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीसमोर जाऊन बसले.

त्याआधीची माझी चूकही सांगते. जवळच्या एका डॉक्टरांनी झोपेसाठी अल्प्राझोलाम दिली होती, ‘रात्री अर्धी घ्या’ म्हणून. गोळीने अर्ध्या तासात बरं वाटतं, म्हणून दीड वर्ष मी ती घेत राहिले आणि अर्धीची एक कधी झाली ते कळलं नाही. मग एक दिवस घाबरून एकदम बंद केली. चार रात्री टक्क जागी, अंगाला कंप. या जातीच्या गोळ्यांची सवय लागते. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायच्या त्या, आणि सोडायच्या त्याही हळूहळू, त्यांना विचारून.

ओपीडीत पहिल्यांदा थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं. थायरॉइड वाढलेलं असलं किंवा रक्त कमी असलं तरी छाती धडधडते, म्हणून हे आधी करून घे. मग तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर. सहा महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस, एक ना अनेक गोष्टींची काळजी, थांबवता न येणारी; सोबत थकवा, चिडचिड, आखडलेली मान-खांदे, उडालेली झोप, लक्ष न लागणं. मी रडले. चाळीस वर्षं ज्याला सगळ्यांनी ‘स्वभाव’ म्हटलं त्याला नाव होतं, म्हणजे त्यावर औषधही असणार. तुझं गॅस तपासणं आणि मेल उघडून बघणं मात्र डॉक्टरांना वेगळं, नीट सांग. तपासण्याचा तो प्रकार कधी कधी ओसीडीत, म्हणजे नको असताना तेच तेच विचार येण्याच्या आणि तेच तेच करत राहण्याच्या आजारात मोडतो आणि त्याचे उपचार थोडे वेगळे असतात. हे आपलं आपण ठरवू नये.

मला एस्सिटालोप्राम ही काळजी कमी करणारी गोळी सुरू केली. पहिले दहा दिवस मळमळ, आणि अस्वस्थपणा उलट थोडा वाढला. हे होऊ शकतं असं त्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून टिकले. खरा फरक पाचव्या आठवड्यात जाणवला. या गोळ्यांना चार-सहा आठवडे द्यावेच लागतात. त्यांची अल्प्राझोलामसारखी चटक लागत नाही, पण बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंदही करायच्या नाहीत. बाळाचा विचार असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांग. सगळ्यांना औषध लागतंच असंही नाही. मला लागलं, दोन वर्षं घेतलं, त्याची मला तिळमात्र लाज वाटत नाही.

औषधाने डोक्यातला भुंगा शांत झाला. विचारांची सवय बदलली ती दादरच्या एका समुपदेशक बाईंकडे. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत त्या वापरायच्या. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणून रुजवली. तिसऱ्या भेटीत बाईंनी मला म्हटलं, संध्याकाळी गॅलरीत मनात जे वाक्य चालू असतं ते जसंच्या तसं लिहा. मी लिहिलं: ‘हे सुखरूपच असले पाहिजेत आणि मला ते आत्ताच कळलं पाहिजे.’ त्यांनी पेन्सिल घेतली आणि दोन्ही ‘च’भोवती गोल केले. म्हणाल्या, ‘आता हे दोन च काढून वाचा.’ मी वाचलं. हे सुखरूप असावेत, मला कळलं तर बरं. तीच माया, तीच इच्छा, पण छातीवरचं ओझं थोडं उतरलं. मग त्यांनी विचारलं, ‘आत्ताच कळलं नाही, तर तेवढा वेळ तुम्हाला सोसवणारच नाही का?’ हिंदमाता आठवलं. मी म्हटलं, सोसवेल.

तुला सांगायचं मुख्य ते हेच. काळजीचं पोट भरतं खात्रीने. तू फोन करतेस, आई ‘बरी आहे गं’ म्हणते, दहा मिनिटं थंड वाटतं आणि मेंदू शिकतो की फोन केला म्हणून संकट टळलं. पुढच्या वेळी त्याला आणखी लवकर फोन हवा असतो. आता तर फोनवर लाईव्ह लोकेशन आहे, लोकलच्या वेळा दाखवणारं एम-इंडिकेटर आहे. ती निळी खूण कुर्ला-सायनच्या मध्ये पाच मिनिटं हलली नाही की घशाला कोरड पडते. माझ्या वेळी ही सोय नव्हती ते एका परीने बरं होतं. तू नवऱ्याचं लाईव्ह लोकेशन बंद कर. एकदम सगळं सोडू नकोस. चारातला एक फोन कमी कर, तोही आठवडाभर.

पहिल्यांदा मी फोन केला नाही ती संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. मेथीची जुडी घेऊन ओट्याशी बसले. पानं खुडायची, देठ बाजूला. सुरुवातीला पोटात गोळा, कानात धडधड, हात आपोआप फोनकडे. मी पुन्हा मेथीकडे. पाव जुडी झाली तेव्हा भीती सगळ्यात वर चढलेली होती, वाटलं आता नाहीच राहवत. अर्धी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी देठाचा चिवटपणा बघतेय. भीती अजून होती, पण तिची धार गेली होती. भीती चढते तशी उतरते, तिला मध्येच फोन करून तोडलं नाही तर. हे वाचून पटत नाही, एकदा अंगावर घ्यावं लागतं.

ह्यांनाही शिकवावं लागलं. ते प्रेमाने म्हणायचे, ‘काही होणार नाही,’ आणि मी विचारायचे, ‘कशावरून?’ बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. तेव्हापासून मी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला की हे म्हणतात, ‘ठाऊक नाही. चहा टाकू?’ पहिल्यांदा मला फार राग आला होता. आता त्या वाक्याने मी निवते. तुझ्या नवऱ्याला हे वाचायला दे. ‘उगाच विचार करू नकोस’ म्हटल्याने आजवर कोणाचाच विचार थांबलेला नाही.

वहीचा उपायही कर. टॉमस बोर्कोवेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये सहकाऱ्यांबरोबर हा तपासून पाहिला होता: काळजीसाठी रोज ठरलेली वेळ, ठरलेली जागा, अर्धा तास. दिवसा विचार आला की वहीत एक ओळ टिपायची आणि त्या वेळेवर ढकलायचा. माझी वेळ साडेपाच ते सहा, खिडकीजवळची खुर्ची. ज्यावर काही करता येतं ते तिथेच ठरवायचं. बाकीच्यासमोर नंतर लिहायचं, प्रत्यक्षात काय झालं. पहिल्या चाळीस पानांत एकच काळजी खरी निघाली, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे गेलं. तेही पंधरा दिवसांनी नीट झालं. रात्री अंथरुणात मात्र वही उघडायची नाही.

बाकी लहान गोष्टी. मी दिवसाला सहा कप चहा प्यायचे, तो दोनवर आणला, संध्याकाळनंतर नाही. श्वास सोडताना घेण्यापेक्षा लांब सोडायचा. लोकलमध्ये उभ्यानेही जमतं. रोज अर्धा तास भराभर चालणं. याने आजार जात नाही, पण शरीर उगाच तापलेलं राहत नाही.

छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर आधी ईसीजी काढ, मनाचं नंतर बघू. आणि कधी जगणंच नको वाटलं तर त्याच क्षणी १४४१६ लाव. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

मानसोपचाराची ओपीडी महापालिकेच्या केईएम, सायन, नायर, तिन्ही रुग्णालयांत आहे; भांडुपहून तुला सायन सोपं पडेल. सकाळी लवकर जा, नंबरला वेळ लागतो. आत गेल्यावर घाईत सगळं विसरायला होतं, म्हणून कागदावर लिहून ने: झोप किती तास, दिवसात किती फोन, किती वेळा तपासतेस, घरात आणखी कोणाला असा त्रास, आधी कुठल्या गोळ्या घेतल्यास. नवऱ्याला सोबत ने. आणि आज रात्री आईला करायचा चौथा फोन तेवढा राहू दे.