टॉर्पेडो लागलेल्या युद्धनौकेवरचे खलाशी वाचतात कसे?

भारतीय युद्धनौका 'खुकरी'वरचे काही जण वाचले ते पट्टीचे पोहणारे होते म्हणून का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते पोहण्याचा वाटा त्यात फार थोडा.

9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने टॉर्पेडोचा (पाण्याखालून जाऊन फुटणाऱ्या अस्त्राचा) मारा केला आणि 'खुकरी' काही मिनिटांत बुडाली. 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले. इतक्या कमी वेळात माणूस त्या क्षणी कुठे होता, यावरच बहुतेक ठरतं. स्फोटाने वीज जाते, शिड्या निखळतात, चौकट वाकली की हॅच (डेकमधलं झाकणासारखं दार) उघडत नाही. ब्रिजवर (जहाज चालवतात त्या वरच्या कक्षात) किंवा उघड्या डेकवर असलेल्याला निदान उडी मारता येते. इंजिन रूममधल्याला बहुधा तेवढीही संधी नसते.

हवेचं लाइफ जॅकेट जहाजाच्या आत कधीच फुगवू नये. कप्प्यात पाणी भरलं की ते माणसाला छताला चिकटवून ठेवतं, मग बुडी मारून दाराबाहेर पडता येत नाही. बाहेर आल्यावरच फुगवायचं. जॅकेट हवेचं नसून मुळातच भरीव असेल, तर उडी मारताना दोन्ही हातांनी छातीशी घट्ट दाबून धरायचं. नाहीतर पाण्यावर आदळताच ते वर सरकतं आणि हनुवटीला जबर हिसका बसतो.

पाण्यात पहिला शत्रू इंधनाचं तेल. डोळे चुरचुरतात, पोटात गेलं की उलट्या सुरू होतात. पेटलं असेल तर वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून पोहायचं, कारण आग वाऱ्याबरोबर पसरते. जवळपास डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकलेले, पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) फुटत असतील तर उताणं तरंगावं. पाण्यातून येणारा दाब फुप्फुसं आणि आतडी फाडतो, म्हणून छाती-पोट जितकं वर राहील तितकं बरं.

पुढचा प्रश्न मदत केव्हा येते हा. 'खुकरी'च्या माणसांना दुसऱ्या दिवशी उचललं गेलं. जुलै 1945 मध्ये बुडालेल्या अमेरिकन युद्धनौका 'इंडियानापोलिस'ची कुणाला खबरच नव्हती. सुमारे 1,195 जणांपैकी 316 वाचले. चार दिवसांत कापोक (सावरीसारखा कापूस) भरलेली जॅकेटं पाणी पिऊन जड झाली, आणि तहानेने समुद्राचं पाणी प्यायलेल्यांना भास होऊ लागले. शार्कची चर्चा जास्त होते, पण तहान आणि ऊन यांनीही पुष्कळ माणसं नेली.

बराच वेळ पाण्यात राहिलेल्याला वर घेताना शक्यतो आडवं उचलावं. उभं ओढलं की रक्तदाब एकदम पडतो आणि वाचलेला माणूस बचाव जहाजाच्या डेकवर दगावू शकतो.