नियंत्रण-स्थान आणि चिकाटी यांचा संबंध प्रात्यक्षिकातून कसा तपासावा?

नियंत्रण-स्थान म्हणजे आयुष्यात जे घडते ते आपल्या हातात आहे की बाहेरच्या हातात, याविषयीची माणसाची समजूत. ती मोजणारी प्रश्नावली भरून घेतल्यानंतर प्रयुक्ताची, म्हणजे प्रयोगात भाग घेणाऱ्याची, चिकाटी नेमकी कशी मोजावी, असे आपण विचारले आहे. खरी अडचण तिथेच आहे. मानसशास्त्रज्ञ रॉटर यांच्या १९६६ च्या मापिकेत, म्हणजे याच प्रश्नावलीत, विधानांच्या २९ जोड्या असतात, त्यांपैकी ६ केवळ भरीच्या. गुण जितके जास्त तितका कल बाह्य नियंत्रणाकडे, म्हणजे नशीब किंवा दुसऱ्यांची सत्ता यांकडे. हे उलटे वाचले जाऊ नये, एवढे सांभाळावे.

चिकाटीसाठी पुष्कळ जण अक्षरे उलटसुलट केलेले शब्द सोडवायला देतात. बडोद्यात मी ते टाळते, कारण इथल्या मराठी घरांतली बरीच मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात आणि मग चिकाटीऐवजी भाषाच मोजली जाते. त्यापेक्षा पेन्सिल न उचलता, एकही रेघ दोनदा न गिरवता काढायची आकृती द्यावी. चौकोन आणि त्याचे दोन्ही कर्ण घ्या: चारही कोपऱ्यांत तीन-तीन रेघा मिळतात, आणि विषम रेघांचे कोपरे दोनांहून जास्त असले की आकृती अशी निघत नाही, म्हणून ती काढता येणे शक्यच नाही, पण समोरच्याला ते चटकन उमगत नाही. त्यावरच त्रिकोणी छप्पर चढवले, की खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून ती पूर्ण होते.

विद्यार्थिनी असताना दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या काकूंना मी हीच बिनछपराची आकृती दिली. त्या चाळीस मिनिटे बसल्या आणि मी वहीत मोठ्या आनंदाने आकडा लिहिला. नंतर विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, तू समोर बसलेली, मग मी मध्येच कशी उठू?" तो आकडा भिडेचा होता. तेव्हापासून मी कोऱ्या आकृत्यांचा गठ्ठा ठेवून, 'वाटेल तेव्हा पुढची घ्या' असे सांगून खोलीबाहेर थांबते, आणि वेळेबरोबर खराब झालेले कागदही मोजते.

सूचनेकडेही लक्ष द्यावे. मानसशास्त्रज्ञ हिरोटो यांनी १९७४ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना कर्कश आवाज ऐकवून केलेल्या प्रयोगात, ज्यांना तो आधी थांबवताच आला नव्हता ते पुढे थांबवता येत असतानाही मागे पडले. बाह्य नियंत्रण मानणारेही मागे पडले, आणि काम नशिबाचे आहे असे ज्यांना सांगितले होते तेही. म्हणून निम्म्या प्रयुक्तांना 'हे कौशल्याचे काम आहे' आणि निम्म्यांना 'हे योगायोगाचे आहे' असे सांगून पाहावे. प्रश्नावलीचे गुण आणि चिकाटी यांच्या नुसत्या सहसंबंधापेक्षा त्यातून कितीतरी अधिक कळते.

मात्र शेवटी छपराची आकृती काढू द्यावी आणि आधीची निघणारच नव्हती, हे कोपऱ्यांतल्या रेघा मोजून दाखवावे. त्याशिवाय कुणालाही घरी पाठवू नये.