रामटेकला जायचंय? मग अंबाळ्यापासून चढा

तुम्ही विचारलंय की लग्नासाठी नागपूरला येणार आहात, दुसरा दिवस मोकळा आहे, सोबत आई-बाबा आहेत. तर रामटेकला मुद्दाम जावं असं काही आहे का, की खिंडसीच्या तलावात बोटीत बसून परत यावं?

जरूर जा. माझं सासर रामटेक तालुक्यातलं. वर्षातून चार-पाच फेऱ्या होतात, तरी त्या टेकडीवरून उतरताना दर वेळी काहीतरी बघायचं राहिलंय असं वाटतं. फक्त एक विनंती आहे. बहुतेक लोक गाडी वरच्या पार्किंगला लावतात, रामाचं दर्शन घेतात, वानरांचे फोटो काढतात आणि तासाभरात परत निघतात. तसं करू नका. सुरुवात खाली, अंबाळा तलावापासून करा.

नागपूरहून रामटेक साधारण ५० किलोमीटर. जबलपूरच्या महामार्गानं कामठी, कन्हान मागे टाकून मनसरला उजवीकडे वळायचं. सकाळी सातच्या आत अंबाळ्यावर पोचता येईल असं निघा. तलाव टेकड्यांच्या कुशीत आहे, काठाला दगडी घाट आणि घाटालगत लहान-मोठी देवळं. इथे अस्थिविसर्जनाला लांबलांबून लोक येतात. मागच्या खेपेला पायरीवर न्हावी एका तरुण मुलाचं डोकं भादरत होता, शेजारी लाल फडक्यात बांधलेला कलश होता आणि मुलाची आजी पाण्यात पाय सोडून बसली होती. कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. आई-बाबांना तिथे थोडा वेळ बसू द्या, घाई करू नका.

अंबाळ्यापासून वर जुनी पायऱ्यांची वाट जाते. गुडघे दुखत असतील तर आई-बाबांना गाडीनं वर पाठवा, तुम्ही चढून या. दगड तांबूस दिसेल. नरसिंहानं हिरण्यकशिपूला इथेच मारलं आणि त्याच्या रक्तानं डोंगर लाल झाला, म्हणून ही सिंदूरगिरी, असं इथली माणसं सांगतात.

आता ज्याच्यासाठी हे उत्तर लिहायला घेतलं ते. गडाच्या तटाबाहेर नरसिंहाची दोन देवळं आहेत, रुद्र नरसिंह आणि केवल नरसिंह. बाहेरून इतकी साधी की माणसं शेजारून निघून जातात. मी स्वतः शाळेच्या सहलीत इथे आले होते, तेव्हा आम्हाला कुणी ती दाखवलीच नव्हती. लग्न झाल्यावर सासऱ्यांनी हाताला धरून नेलं. केवल नरसिंहाच्या गाभाऱ्यात शिरलं की आधी काही दिसत नाही. डोळे अंधाराला सरावले की समोर भलीथोरली बसलेली मूर्ती दिसू लागते: एक पाय दुमडलेला, दुसरा गुडघा वर, त्यावर हात सैल टेकवलेला, दुसऱ्या हातात चक्र. ना मांडीवर दैत्य, ना फाडलेलं पोट. काम उरकून निवांत बसलेला नरसिंह आहे हा.

हे देऊळ पाचव्या शतकातलं, तेव्हा विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याच्या काळातलं. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांकडे दिली होती. नवरा, दुसरा रुद्रसेन, लवकर गेला, मुलं लहान, म्हणून राज्यकारभार तिनं हाती घेतला. रिद्धपूरला सापडलेल्या तिच्या ताम्रपटात रामगिरीच्या, म्हणजे याच टेकडीच्या, स्वामीच्या चरणांचा उल्लेख आहे, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही या टेकडीवर पूजा होत होती. देवळाच्या आतल्या भिंतीवर झिजलेला शिलालेख आहे. अभ्यासकांनी तो वाचून असं म्हटलंय की लेकीनं आपल्या आईच्या, म्हणजे प्रभावतीच्या, स्मरणार्थ हे देऊळ बांधलं. मला तर त्या गाभाऱ्यात देवाइतकीच ती मायलेकींची जोडी जाणवते. तुमच्या आईला हे तिथेच सांगा.

पुढे वराह दरवाजा. आत एकाच दगडातला भला मोठा वराह आहे; त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे गेलं तर माणूस पापी नाही, अशी समजूत. तिथून सिंगपूर, भैरव आणि गोकुळ असे दरवाजे ओलांडत चढायचं. आताची बरीचशी डागडुजी पहिल्या रघूजी भोसल्यांच्या काळातली. आधी लक्ष्मणाचं दर्शन, मग त्याच्या मागे राम. लक्ष्मणाच्या देवळात यादव राजा रामचंद्राच्या काळचा संस्कृत लेख आहे आणि त्यात या टेकडीवरची तीर्थं नावानिशी मोजली आहेत. हा डोंगर पाण्यावरूनच ओळखला जायचा हे त्यावरून कळतं, आणि म्हणूनच मी अंबाळ्यापासून चढा म्हणते.

भोगरामाच्या देवळातही जाऊन या. महानुभाव पंथाचं ते श्रद्धास्थान. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी गुजरातेतून निघाले ते रामटेकच्या यात्रेसाठीच, आणि वाटेत रिद्धपूरला त्यांना त्यांचे गुरू गोविंदप्रभू भेटले.

कालिदासाचं स्मारकही याच टेकडीवर आहे. त्याच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, हे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी हिरिरीनं मांडलं. सगळ्यांना ते मान्य नाही, पण आषाढात वरच्या तटावर उभं राहून ढग टेकडीला घासून जाताना बघितले की माझ्यापुरता वाद मिटतो. म्हणून जमलं तर पावसाळ्यात या, नाहीतर दिवाळीनंतर. एप्रिल-मे नकोच, अकरानंतर दगडावर पाय ठेववत नाही. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. त्या दिवशी वयस्कर माणसांना घेऊन येऊ नका, चेंगरायला होतं.

वानरांसमोर प्रसादाची पिशवी उघडी धरू नका, झडप घालतात.

खिंडसी उतरल्यावर करा. तलाव मोठा आहे, संध्याकाळ छान जाते, एवढंच. वेळ एकाच गोष्टीपुरता उरला तर मी खिंडसी सोडून नगरधनला जाईन. ते वाकाटकांच्या राजधानीचं नंदिवर्धन. आज दिसतो तो भुईकोट किल्ला नंतरचा आहे, पण तिथल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली आहे. रामटेकपासून फार लांब नाही, गाडी आहेच तुमच्याकडे. सकाळी जिच्या लेकीनं बांधलेलं देऊळ पाहिलंत, तिचं गाव संध्याकाळी बघून होईल.